तबकड्यांचा अवलिया

मध्यरात्र उलटलेली असते. घरातील मंडळी केव्हाच झोपी गेलेली असतात. टेबलावर दोन टर्नटेबल, मध्ये एक मिक्सर आणि पायाशी जुन्या तबकड्यांची खोकी, असा संसार मांडून कोणीतरी एकटाच उभा असतो. कानाला अर्धवट लावलेला हेडफोन, बोटांच्या टोकांवर धूळ. ध्वनिमुद्रणाची कळ दाबली की पुढचा तास-दीड तास मागे फिरायला वाव नाही. एका तबकडीवरील गाणे संपत येईपर्यंत दुसरीचा वेग तिच्याशी जुळवायचा, दोन्ही ठेके एकमेकांत असे मिसळायचे की ऐकणाऱ्याला सांधा जाणवू नये, आणि मग पहिली हलकेच काढून घ्यायची. पन्नासाव्या मिनिटाला सुई घसरली, तर सारे पहिल्यापासून! संगणकावर हेच काम काही मिनिटांत, बिनचूक होते. तरीही केवळ तबकड्यांवरून, घरच्या घरी, 'डीप हाऊस' नावाच्या नृत्यसंगीताची अशी मिश्रणे ध्वनिमुद्रित करणारे हौशी लोक आज जगभर आहेत.

या मंडळींना त्यांचे घराणे विचारले, तर शोध बहुधा न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवर येऊन थांबतो. तेथील एका जुन्या मोटार गॅरेजमध्ये दहा वर्षे तबकड्या वाजवणाऱ्या, आणि वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी जगाचा निरोप घेणाऱ्या लॅरी लेव्हॅनपाशी. मौज अशी, की ज्याच्या नावाने लोक आज ध्वनिमुद्रणे करतात, त्याच्या स्वतःच्या रात्रींपैकी फारच थोड्या जगाच्या हाती लागल्या.

आपल्याकडे 'डीजे' म्हटले की मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि थरथरणारी तावदाने डोळ्यांपुढे येतात. हा शब्द मुळात यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे. तबकडीला इंग्रजीत डिस्क म्हणतात. ती वाजवणारा तो डिस्क जॉकी. लेव्हॅन हा त्या अर्थाने डीजे होता. आवाज मोठा करणे हे त्याचे काम नव्हते. अमुक तबकडीनंतर तमुकच का, याचे उत्तर त्याच्यापाशी असे.

लॅरीचा जन्म २० जुलै १९५४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. त्याचे पाळण्यातले नाव लॉरेन्स फिलपॉट. लेव्हॅन हे आईचे आडनाव त्याने पुढे धारण केले. घरात जुळी भावंडे त्याच्याहून मोठी. लॅरीचे हृदय जन्मतःच अधू होते आणि जोडीला दमा. शाळेत चालू वर्गात त्याला भोवळ येई. आई मिनी हिला ब्लूज, जॅझ आणि चर्चमधील गॉस्पेल गाण्यांचा नाद. मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून स्वतःच्या हाताने रेकॉर्ड प्लेअर लावू लागला, अशी आठवण ती सांगत असे. अशक्त मुलाला घरात गुंतवून ठेवण्यासाठी तबकड्यांसारखे साधन नव्हते, आणि आईच्या सांगण्यावरून तिच्या आवडीची रेकॉर्ड लावून देणे हा त्याच्या आयुष्यातील पहिला 'कार्यक्रम' ठरला.

इरॅस्मस हॉल या ब्रुकलिनमधील नामवंत शाळेत तो दाखल झाला खरा, पण तेथे त्याचे मन रमले नाही. केस नारिंगी रंगवून येणारा कृष्णवर्णीय, समलिंगी मुलगा त्या काळच्या शाळेत सुखाने राहू शकेल, हे शक्यच नव्हते. छळ सोसून अखेर त्याने शाळा सोडली आणि हार्लेममधील 'बॉल' मंडळींमध्ये तो जाऊन मिसळला. स्त्रीवेष करून दिमाखात मिरवणाऱ्या पुरुषांच्या या स्पर्धांना तेथे मोठी परंपरा होती. लॅरी त्यांच्यासाठी कपडे शिवू लागला. याच वर्तुळात त्याला त्याच्याएवढाच एक मुलगा भेटला, ब्रॉन्क्समध्ये जन्मलेला फ्रँकी नकल्स. दोघांची अशी गट्टी जमली की पुढील काही वर्षे लोक त्यांना जोडीनेच ओळखत. नृत्यसंगीताच्या इतिहासात या मैत्रीचे मोल फार मोठे आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये नृत्याच्या रात्रींचे रूपच पालटत होते. डेव्हिड मॅनक्यूसो नावाच्या एका अवलियाने १९७० मध्ये ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्याच्या मेजवान्या सुरू केल्या. 'लॉफ्ट' या नावाने त्या गाजल्या. मद्यविक्री नाही, उत्तमातील उत्तम ध्वनियंत्रणा, आणि येणाऱ्याचा वर्ण, लिंग वा खिसा न पाहता होणारे स्वागत. घरातच सुरू झालेली ही चळवळ होती, हे विशेष. लॅरी आणि फ्रँकी तेथे जात. निकी सियानो या तरुण डीजेच्या 'गॅलरी' क्लबात तर दोघे कामालाच लागले. फुगे फुगवणे, सजावट करणे, पाहुण्यांची सरबराई करणे, असे ते काम. या सरबराईत पेयांमध्ये एलएसडी मिसळण्याचाही समावेश होता. पुढे लॅरीच्या आयुष्याचा घास घेणाऱ्या गोष्टीची सोबत इतकी जुनी होती. सियानोच्या शेजारी उभे राहून त्याने कला मात्र पुरेपूर टिपली.

कॉन्टिनेन्टल बाथ्स हे अॅन्सोनिया हॉटेलच्या तळघरातील समलिंगी पुरुषांचे स्नानगृह. गायिका बेट मिडलरच्या कारकिर्दीचा उदय येथलाच. लॅरी तेथे दिवे सांभाळत होता. १९७३ मध्ये नेहमीचा डीजे काम सोडून गेला आणि दिवेवाल्याला टर्नटेबलपाशी उभे करण्यात आले. वय वर्षे एकोणीस. त्यानंतर रिचर्ड लाँग या ध्वनितज्ज्ञाच्या सोहो प्लेस या जागेत, आणि पुढे रीड स्ट्रीटवरील क्लबात त्याने तबकड्या वाजवल्या. रीड स्ट्रीटचा मालक मायकेल ब्रॉडी. तो क्लब बंद पडल्यावर ब्रॉडीने मोठे स्वप्न पाहिले आणि त्या स्वप्नाच्या केंद्रस्थानी लॅरीला ठेवले. डीजेभोवती क्लब उभा करायचा! एरवी क्लब आधी बांधला जातो आणि वाजवणारा मागाहून नेमला जातो.

त्या सुमारास शिकागोतही एक नवा क्लब निघत होता. रॉबर्ट विल्यम्स या त्याच्या चालकाने आधी लॅरीलाच विचारले. लॅरीने न्यूयॉर्क सोडण्यास नकार दिला, आणि १९७७ मध्ये त्याच्या जागी फ्रँकी नकल्स शिकागोला गेला. क्लबचे नाव होते 'वेअरहाऊस'. तेथे वाजणाऱ्या संगीताला लोक पुढे 'हाऊस' म्हणू लागले, आणि ऐंशीच्या दशकात शिकागोच्या पोरांनी स्वस्तातील ठेका-यंत्रे हाताशी धरून त्या नावाचे स्वतंत्र संगीतच उभे केले. 'डीप हाऊस' ही त्याचीच अधिक हळवी, सोल संगीताच्या जवळची शाखा. लॅरीच्या गॅरेजवरूनही एका प्रकाराला 'गॅरेज' हे नाव पडले. एका मित्राने नाही म्हटले आणि दुसऱ्याने हो म्हटले, त्यातून दोन शहरांची दोन संगीते जन्मली.

८४, किंग स्ट्रीट या पत्त्यावरील इमारत खरोखरच मोटारी ठेवण्याची जागा होती. म्हणून नाव 'पॅराडाइज गॅरेज'. पैशांची मदत वेस्ट एन्ड रेकॉर्ड्स या कंपनीच्या मेल चेरेनने केली. १९७७ मध्ये बांधकाम चालू असतानाच तेथे नृत्याच्या रात्री सुरू झाल्या, तर औपचारिक उद्घाटन १९७८ च्या जानेवारीत झाले. ते पुरते फसले. हिमवादळामुळे ध्वनियंत्रणेचा काही भाग वाटेत विमानतळावरच अडकून पडला आणि शहरातील नामवंत पाहुणे कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर ताटकळत राहिले. त्यांतील कित्येक पुन्हा कधी फिरकले नाहीत. क्लबच्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणायचे, कारण त्यांची जागा ज्यांनी घेतली ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे, बहुतांशी समलिंगी, खिशाने बेताचे तरुण होते. शहरातील झगमगीत डिस्कोंच्या दारात त्यांना कोणी उभे केले नसते. येथे ते सभासद होते. दारू विकली जात नसे. फळे, सरबते मात्र मुबलक. रात्र सुरू होई ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारी संपे.

रिचर्ड लाँगने उभारलेली ध्वनियंत्रणा हा या जागेचा प्राण. जमिनीलगतचे खर्जाचे सूर ऐकू येण्याआधी अंगाला जाणवत, आणि तरीही शेजारच्या माणसाशी बोलता येई, अशी तिची ख्याती. लॅरीचे समाधान होत नसे. नृत्य सुरू होण्यापूर्वी तासन्‌तास तो ध्वनिक्षेपक हलवी, कोन बदली. टर्नटेबलवर सुई धरणाऱ्या कार्ट्रिजबाबत त्याची एक तऱ्हा होती. संध्याकाळी साधी कार्ट्रिज लावायची आणि रात्र चढत जाईल तशी अधिकाधिक चांगली बसवत जायचे. उत्तररात्री, नाचणारे थकू लागलेले असताना, आवाज आदल्या तासापेक्षा अधिक निर्मळ होई. लोकांना कारण कळत नसे. अंगात नवा जोम संचारल्याचे तेवढे जाणवे. घरी मिश्रण करणारे आज सुईचे वजन आणि कार्ट्रिजची जात यांवर एवढा वेळ का घालवतात, याचे एक उत्तर येथे आहे. तबकडीच्या खाचेत जे कोरलेले असते, ते बाहेर किती आणि कसे येणार, हे त्या इवल्याशा टोकावर ठरते.

निव्वळ तंत्राच्या कसोटीवर लॅरी सर्वश्रेष्ठ नव्हता, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. दोन ठेके तंतोतंत जुळवण्यात त्याच्याहून सफाईदार हात न्यूयॉर्कमध्ये होते. पट्ट्यावर फिरणारी थोरेन्स टर्नटेबले तो वापरी, आणि त्यांवर वेग जुळवणे सोपे नसे. शिवाय लक्षही ठिकाणावर असेलच असे नाही. छतावरील आरशांच्या गोलांवर धूळ दिसली की तबकडी चालू ठेवून हा गृहस्थ शिडी लावून ते पुसायला जाई! कधी एकच गाणे पुन्हा पुन्हा लावी, कधी सगळे दिवे मालवून टाकी, कधी ऐन भरात संगीत थांबवून शांतता पसरू देई. पण गाण्यांच्या शब्दांतून तो समोरच्यांशी बोलत असे. एका गाण्याने प्रश्न विचारायचा, पुढच्याने उत्तर द्यायचे. ज्याच्याशी भांडण झाले असेल तो दारातून आत आल्याचे दिसताच त्याला उद्देशून तबकडी लावण्यापर्यंत मजल जाई. आपल्या मैफलीत जाणता गवई समोरचा श्रोता पाहून चीज निवडतो, त्याच जातीची ही गोष्ट.

१९७९ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या तबकड्या खोक्यात भरून सुरुंगाने उडवण्यात आल्या. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्को मेला, असे जाहीर करण्याचा तो सोहळा होता. या संगीतामागे कोणते लोक उभे आहेत, हे ध्यानात घेतले की त्या धुरातील विखार वेगळा सांगावा लागत नाही. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गॅरेजमध्ये लॅरी तबकड्या वाजवत असताना एक टेप फिरत होती. त्या टेपकडे आपण नंतर येऊ.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली, तेव्हा गॅरेजचे वजन वाढले. डब्ल्यूबीएलएस या रेडिओ केंद्राचा फ्रँकी क्रॉकर तेथे येऊन लॅरी काय वाजवतो ते ऐके आणि आपल्या केंद्रावरून लावी. जवळच्या 'व्हायनलमेनिया' या दुकानात रात्रभर नाचून आलेली मंडळी गाण्याचे नाव ठाऊक नसताना नुसती चाल गुणगुणून तबकडी मागत. टाना गार्डनरचे 'हार्टबीट' हे १९८१ चे गाणे लॅरीने स्वतः नव्याने मिश्रित केले होते. त्याची लय नेहमीच्या नृत्यगीतांपेक्षा कितीतरी मंद. पहिल्यांदा लावले तेव्हा नाचणारे मजला सोडून गेले. लॅरीने ते पुन्हा लावले. पुढच्या आठवड्यांतही लावत राहिला. अखेर ते सुरू होताच लोक धावत मजल्यावर येऊ लागले, आणि आज ते गाणे त्या काळाच्या शिखरांपैकी एक मानले जाते.

स्टुडिओतील लॅरीची कामगिरी अशी मोठी आहे. इन्स्टंट फंकचे 'आय गॉट माय माइंड मेड अप' त्याने मिश्रित केले आणि १९७९ मध्ये ते अमेरिकेच्या सोल गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. इनर लाइफ, लूज जॉइंट्स, ग्वेन गथ्री ही त्याच्या हाताखालून गेलेली आणखी काही नावे. तात्पुरती कापलेली तबकडी घेऊन तो गॅरेजमध्ये येई, नाचणाऱ्यांचे पाय पाहून काय चुकले ते हेरी आणि पुन्हा स्टुडिओत जाई. या पद्धतीचा तोटाही त्यानेच सोसला. 'पीच बॉइज' या आपल्या चमूचे 'डोन्ट मेक मी वेट' हे गाणे गॅरेजमध्ये कमालीचे लोकप्रिय झाले होते. लोक दुकानांत विचारत होते आणि लॅरी ते हातावेगळे करायला तयार नव्हता. महिन्यामागून महिने फेरफार चालले. चेरेनसारखा जिवाभावाचा पाठीराखाही मेटाकुटीला आला. १९८२ मध्ये तबकडी निघाली, तोवर मागणीचा भर ओसरू लागला होता. ज्याला पुढच्या शनिवारी तेच गाणे वेगळे वाजवता येते, त्याला अखेरचा शब्द उच्चारणे जड जाणारच.

दरम्यान मजल्यावरची माणसे कमी होऊ लागली होती. एड्सची साथ शहरात पसरली, आणि तिचा सर्वांत क्रूर घाला या समाजावर होता. परवापर्यंत ध्वनिक्षेपकापाशी नाचणारा सभासद आज इस्पितळात आणि उद्या नाही, असे ते दिवस. ध्वनियंत्रणेचा शिल्पकार रिचर्ड लाँग एड्सने गेला. ब्रॉडीलाही त्याच रोगाने गाठले. त्यातच जागेचा दहा वर्षांचा करार संपत आला. १९८७ च्या सप्टेंबरअखेरीस गॅरेजची शेवटची मेजवानी झाली. ती दोन दिवस, दोन रात्री चालली. चित्रकार कीथ हेरिंग त्यासाठी जपानहून विमानाने आला. शेवटच्या तबकडीनंतरही लोक जमिनीवर बसून राहिले होते. ब्रॉडी त्यानंतर फार काळ जगला नाही. ध्वनियंत्रणा तुझीच, असे त्याने लॅरीला तोंडी सांगून ठेवले होते. कागदावर मात्र तसे काही नव्हते, आणि ती लॅरीच्या हाती कधीच आली नाही.

पुढची पाच वर्षे वाचवत नाहीत. हेरॉइनचे व्यसन जुनेच होते. आता त्याला आवर घालणारा शनिवार उरला नव्हता. 'चॉइस' या छोट्या क्लबात तो वाजवी, गॅरेजची जुनी मंडळी तेथे जमत, पण हाताला नियमित काम नव्हते. अखेर तो तबकड्या विकू लागला. अमली पदार्थांच्या पैशांसाठी एकेक करून, नंतर गठ्ठ्याने. काही मित्रांना जुन्या मालाच्या बाजारात ओळखीच्या तबकड्या दिसत. ते त्या विकत घेत आणि त्याला नेऊन देत. काही दिवसांनी त्या पुन्हा बाजारात दिसत. गायकाने गळा विकावा, तसा हा प्रकार.

१९९१ मध्ये लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात 'मिनिस्ट्री ऑफ साउंड' हा क्लब उघडला. तो उभारणाऱ्या जस्टिन बर्कमनने न्यूयॉर्कच्या वास्तव्यात गॅरेज अनुभवले होते, आणि तसेच काहीतरी लंडनमध्ये व्हावे, हा ध्यास घेतला होता. साहजिकच लॅरीला बोलावणे गेले. तो आला ठरल्यापेक्षा उशिरा, आणि तबकड्यांशिवाय! यजमानांनी धावपळ करून इकडून तिकडून तबकड्या गोळा केल्या. थोड्या दिवसांसाठी आलेला लॅरी तीनेक महिने तेथे राहिला. ध्वनियंत्रणा लावण्याचे काम त्याने मनापासून केले. स्वतःची गेली, दुसऱ्यांची सूरात आणून दिली.

१९९२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस फ्रान्स्वा केव्होर्कियन या जुन्या सहकाऱ्यासोबत त्याने जपानचा दौरा केला. तेथील श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ज्यांनी त्या रात्री ऐकल्या, त्यांच्या मते जुना लॅरी परत आला होता. शरीराने मात्र साथ सोडली होती. जन्मापासूनच्या अधू हृदयाला अंतःस्तराचा दाह जडला आणि ८ नोव्हेंबर १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल इस्पितळात त्याचे निधन झाले. त्याच्यामागे आई होती.

राहिली ती टेप. गॅरेजमधील १९७९ चे ते ध्वनिमुद्रण २००० साली दोन सीडींवर बाजारात आले, आणि ज्यांनी किंग स्ट्रीट कधी पाहिलाच नव्हता अशा हजारोंना लॅरी प्रथम ऐकायला मिळाला. प्रस्तुत लेखकाला ते ऐकताना जाणवते ते हे, की सांधे काही ठिकाणी चक्क सैल आहेत. आजच्या संगणकावर कोणी नवखाही ते दुरुस्त करील. पण दोन गाणी एकमेकांवर क्षणभर अडखळतात आणि मग सावरतात, तेव्हा टर्नटेबलपाशी माणूस उभा आहे हे कळते. आज घरच्या घरी केलेल्या मिश्रणात एखादा ठेका निसटला, तरी तो तसाच राहू देणारे लोक आहेत. त्यांनी ही सीडी ऐकलेली असते.

२०१४ च्या ३१ मार्चला शिकागोत फ्रँकी नकल्स गेला. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तोच ११ मे रोजी लॅरीच्या स्मरणार्थ किंग स्ट्रीट वाहतुकीसाठी बंद करून भर रस्त्यात नृत्याची मेजवानी झाली. हजारो लोक आले. काहींचे केस पिकलेले होते, काही लॅरीच्या मृत्यूनंतर जन्मलेले. गॅरेजची इमारत तेव्हा तेथेच उभी होती. २०१८ मध्ये ती पाडण्यात आली.